फुकटाचा हिशेब आणि रूनस्केपचे फाटक

2005 च्या दिवाळीच्या सुट्टीत सांगलीतल्या एका सायबर कॅफेमध्ये मी पहिल्यांदा रूनस्केप हा ऑनलाइन खेळ खेळलो. तासाला पंधरा रुपये दर होता आणि संगणकावर स्वतःहून काहीही इन्स्टॉल करायला मालकाची सक्त मनाई होती. रूनस्केपला इन्स्टॉल करण्याची गरजच नव्हती. तो ब्राउझरमध्येच, जावा या संगणकीय भाषेच्या आधाराने चालत असे. नाव आणि पासवर्ड टाकला की थोड्याच वेळात आपण लंब्रिज नावाच्या गावात कुऱ्हाड घेऊन उभे असायचो. गावाबाहेरच्या कुरणात गायी मारायच्या, त्यांची कातडी गोळा करायची, वेशीवर दहा नाण्यांचा टोल भरून अल खरीद या वाळवंटी शहरात जायचे आणि तिथल्या चांभाराकडून ती कमावून घ्यायची, असा माझा पहिल्या आठवड्याचा उद्योग होता. पुढे हिंडत हिंडत मी फॅलडोर शहराच्या पश्चिमेला पोहोचलो. तिथे एक फाटक होते. त्यावर क्लिक केले तेव्हा पलीकडे जाण्यासाठी सभासद असणे आवश्यक आहे, अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर खाली उमटली. फाटकाच्या पलीकडचे गवत, झाडे, थोडी वाट हे सगळे दिसत होते. माझ्या शेजारून एक खेळाडू आला, त्याने फाटक उघडले आणि तो चालत निघून गेला.

सभासदत्वाची वर्गणी तेव्हा महिन्याला पाच डॉलर होती, म्हणजे त्या काळच्या दराने सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. रक्कम मोठी होती, पण अशक्य नव्हती. महिनाभर कॅफेमध्ये मी त्याहून जास्त घालवत होतो. अडचण रकमेची नव्हतीच. परदेशातल्या कंपनीला पाच डॉलर पोहोचवायचे तर आंतरराष्ट्रीय व्यवहार करणारे क्रेडिट कार्ड लागत होते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेल्या माझ्या वडिलांकडे, किंवा आमच्या ओळखीतल्या कोणाकडेही, तसे कार्ड नव्हते. त्यामुळे पुढची चार वर्षे मी फाटकाच्या अलीकडेच राहिलो.

ऑनलाइन खेळ फुकट असावेत की वर्गणीवर चालावेत, या प्रश्नावर मी गेली अनेक वर्षे विचार करतो आहे आणि प्रत्येक वेळी याच फाटकापाशी येऊन थांबतो. याचे कारण असे की रूनस्केपने दोन्ही पद्धती एकाच जगात, एकाच नकाशावर नांदवल्या आणि पुढे त्यात तिसरीही आणली. खेळाचे पैसे कोणाकडून आणि कशाबद्दल घ्यायचे हे एकदा ठरले की त्या खेळात माणसे एकमेकांशी कशी वागणार, हेही बऱ्याच अंशी ठरून जाते, असे माझे मत आहे आणि ते मला याच खेळाने शिकवले.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. अनेक माणसे एकाच वेळी ज्यात वावरतात अशा खेळाचे सर्व्हर रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात, त्यामुळे एकदा खेळाचा डबा विकून मोकळे होणे अशा कंपन्यांना परवडत नाही. म्हणून 1997 साली आलेल्या अल्टिमा ऑनलाइनने महिन्याला 9.95 डॉलरची वर्गणी ठेवली, 1999 मध्ये एव्हरक्वेस्टने तोच मार्ग धरला आणि 2004 च्या नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 14.99 डॉलरचा आकडा घेऊन आला. 2010 मध्ये त्याचे सव्वा कोटीच्या आसपास वर्गणीदार होते. शतकाच्या सुरुवातीलाच दक्षिण कोरियात नेक्सॉनसारख्या कंपन्या उलट दिशेने निघाल्या होत्या: दार सताड उघडे, आतल्या वस्तूंना मात्र किंमत. रूनस्केप या दोहोंच्या मध्ये कुठेतरी जन्मला. अँड्र्यू आणि पॉल गोवर या भावांनी 2001 च्या जानेवारीत तो सुरू केला तेव्हा तो पूर्ण मोफत होता आणि जाहिरातींवर चालत होता. डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या तेजीचा, फुगा फुटल्यानंतर जाहिरातींचे उत्पन्न आटले आणि फेब्रुवारी 2002 मध्ये त्यांनी सभासदत्व आणले. मूळचे जग होते तसे मोफतच राहिले आणि त्याला लागून, फाटकाच्या पलीकडे, नवे जग वाढत गेले.

या रचनेतली मला सर्वात आवडणारी गोष्ट सांगायची तर यूच्या झाडांपाशी जावे लागेल. लाकूडतोडीत साठाव्या लेव्हलला पोहोचल्यावर यूचे झाड तोडता येते आणि हे मोफत खेळाडूलाही जमते. त्या लाकडापासून धनुष्य बनवण्याचे कौशल्य, म्हणजे फ्लेचिंग, मात्र फक्त सभासदांकडे होते. त्यामुळे आमच्यासारखे फुकटे एजव्हिलच्या किंवा वॅरॉकच्या राजवाड्यामागच्या झाडांखाली तासन्‌तास उभे राहून लाकडे जमवत आणि सभासद मोफत सर्व्हरवर उतरून ती विकत घेत. वर्ल्ड 1 या मोफत सर्व्हरवर, वॅरॉक शहरातल्या बँकेसमोर नुसती झुंबड असे. डोक्यावर पिवळी अक्षरे चमकवत जो तो ओरडत असे. कोणाकडे कोळसा, कोणाकडे लॉब्स्टर, कोणाकडे हजारभर यू. सभासद आम्हाला हिणवत नसत असे नाही, पण त्यांना आमची गरज होती. त्यांच्या धनुष्यांचे लाकूड आमच्या घामाचे होते. माझ्या दृष्टीने ही फार महत्त्वाची बाब आहे. फुकट खेळणारा माणूस त्या जगात नुसता गर्दी वाढवायला ठेवलेला नव्हता. त्याला काम होते आणि त्याच्या मालाला भाव होता.

2009 मध्ये पुण्यात नोकरी लागली, सहा महिन्यांनी क्रेडिट कार्ड आले आणि त्या कार्डावरची माझी पहिली खरेदी म्हणजे रूनस्केपचे एका महिन्याचे सभासदत्व. शनिवारी सकाळी मी फॅलडोरच्या फाटकातून पलीकडे गेलो. पलीकडे टॅव्हर्ली हे एक साधे गाव होते. तिथे न थांबता मी बँकेत परत आलो, साधे ओंडके काढले, चाकू घेतला आणि पहिला ओंडका तासला. त्यातून बाणाच्या पंधरा काड्या निघाल्या. यूचे लांब धनुष्य करायला फ्लेचिंगची सत्तरावी लेव्हल लागते. तिथवर पोहोचायला मला पुढचे काही आठवडे लागले. ज्या दिवशी पहिले धनुष्य झाले त्या दिवशी ते मी विकले नाही. ते अजून माझ्या त्या जुन्या आयडीच्या बँकेत आहे.

वर्गणी भरल्यावर मला जे जाणवले ते असे, की आता माझ्यात आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सभासदात पैशाचा प्रश्न उरला नव्हता. तो कदाचित लंडनमधल्या कोणा बँकरचा मुलगा असेल, पण त्याने महिन्याला जेवढे दिले तेवढेच मी दिले होते आणि त्याहून जास्त द्यायची सोयच नव्हती. त्याच्या अंगावर चांगले चिलखत असेल तर ते त्याने मिळवलेले होते. आमच्या गावातल्या वाचनालयाची हीच रीत होती: डॉक्टरांच्या घरची वर्गणी आणि आमच्या घरची वर्गणी सारखीच, आणि नवा दिवाळी अंक ज्याचा नंबर आधी त्याला आधी. वर्गणीला सबस्क्रिप्शन म्हणायला माझी हरकत नाही, पण वर्गणी या शब्दात सगळ्यांचा वाटा सारखा असल्याचा जो भाव आहे तो मला महत्त्वाचा वाटतो.

मात्र वर्गणीलाही स्वतःचे दोष आहेत आणि ते मी अंगावर घेतलेले आहेत. पैसे भरले की प्रत्येक न खेळलेली संध्याकाळ वाया गेल्यासारखी वाटते. कंपनीच्या बाजूने पाहिले तर खेळाडू पुढच्या महिन्यातही टिकावा हेच उत्पन्नाचे साधन, त्यामुळे दोन तासांचे काम वीस तासांवर नेण्याचा मोह तिला कायमच असतो. रूनस्केपमध्ये कोणतेही कौशल्य नव्व्याण्णवपर्यंत नेण्यासाठी जितके गुण लागतात, त्यांतले निम्मे गुण ब्याण्णवाव्या लेव्हलपाशी भरतात. म्हणजे शेवटच्या सात लेव्हल आधीच्या एक्क्याण्णवांइतक्याच लांब. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने रोज करायच्या कामगिऱ्या आणि आठवड्यातून एकदाच लुटता येणारे किल्ले आणून हेच साधले. मी 2011 मध्ये नोकरीच्या धावपळीत असताना, निव्वळ महिना संपायच्या आत काहीतरी पदरात पडावे म्हणून, रात्री दोन वाजेपर्यंत मासे पकडत बसलो आहे आणि त्यात आनंद नव्हता. वर्गणीचा खेळ तुमच्या खिशाला मर्यादा घालतो, तुमच्या वेळेला घालत नाही.

दुसरा दोष चोरट्या बाजाराचा. जिथे वस्तू श्रमाने मिळतात तिथे ते श्रम विकणारे उभे राहतात. खेळातले सोने खऱ्या पैशांना विकणाऱ्या टोळ्या रूनस्केपमध्ये इतक्या वाढल्या, आणि त्या चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर इतकी सभासदत्वे घेऊ लागल्या, की 2008 च्या सुरुवातीपर्यंत रूनस्केप चालवणाऱ्या जॅजेक्स कंपनीने खेळाडूंमधला मुक्त व्यापारच बंद केला. दोन मित्रांना एकमेकांना भेट म्हणून काही देणेही कठीण झाले. वॅरॉकच्या बँकेसमोरची ती झुंबड त्याच्या थोडे आधी आलेल्या ग्रँड एक्स्चेंज या खेळातल्या मध्यवर्ती बाजाराने ओसरलीच होती. या निर्णयाने उरलेलाही जीव गेला. मुक्त व्यापार परत यायला फेब्रुवारी 2011 उजाडावा लागला आणि तोही खेळाडूंचे मतदान घेऊनच आला. त्यात दहा लाखांहून अधिक मते पडली आणि नव्वद टक्क्यांहून अधिक व्यापाराच्या बाजूने होती.

एवढे सगळे होऊनही माझा या खेळावर राग नव्हता. राग आला तो 2012 मध्ये. त्या वर्षीच्या फेब्रुवारीअखेर रूनस्केपमध्ये स्क्वील ऑफ फॉर्च्यून नावाचे नशिबाचे चक्र आले. रोज काही फेऱ्या मोफत मिळत आणि पुढे लवकरच जास्तीच्या फेऱ्या पैसे देऊन विकत घेता येऊ लागल्या. चक्र थांबले की दिवा, सोने, कपडा, काहीही हाती पडे. त्या दिव्यातून कौशल्याचे गुण मिळत. म्हणजे जे यूच्या झाडाखाली उभे राहून मिळवायचे, ते आता चक्र फिरवून मिळू लागले. दोन वर्षांनी चक्राच्या जागी ट्रेझर हंटर आला. पेट्या आल्या, किल्ल्या आल्या, मूळ मामला तोच राहिला. वर्गणी घेणाऱ्या खेळाने फुकट खेळांची युक्ती उचलली होती आणि वर्गणीही सोडलेली नव्हती. 2019 मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने व्यसन लावणाऱ्या तंत्रज्ञानांवर अहवाल दिला, त्यात रूनस्केपमध्ये पन्नास हजार पौंडांहून अधिक कर्ज करून बसलेल्या एका तरुणाचा उल्लेख आहे. त्याच्या पालकाने समितीला तसे कळवले होते. एखाद्या खेळाडूला आठवड्याला हजार पौंडांपर्यंत आणि महिन्याला पाच हजार पौंडांपर्यंत खर्च करणे शक्य आहे, असे कंपनीने समितीला सांगितले. पाच डॉलरच्या वर्गणीपाशी सुरू झालेला प्रवास कुठे पोहोचला ते या आकड्यांतून दिसते.

फुकट खेळ मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. डोटा 2 मध्ये सगळे योद्धे प्रत्येकाला मोफत असतात आणि पैसे मुख्यतः दिसण्याचे लागतात. व्हॅलरंट या नेमबाजीच्या खेळातली बंदूक नव्या रंगात घेतली म्हणून गोळी जास्त जोरात लागत नाही. अशा खेळांत फुकट खेळणारा हरला तर स्वतःच्या चुकीने हरतो. आणि भारतापुरते बोलायचे तर 2016 मध्ये जिओ आल्यानंतर आणि 2018 मध्ये पबजी मोबाइल आल्यानंतर जी कोट्यवधी मुले या खेळांकडे वळली, त्यांना पाच डॉलरच्या फाटकावर अडवले असते तर त्यांच्यापैकी फार थोडी आत आली असती. मी स्वतः चार वर्षे अडलो होतो, त्यामुळे मोफत दाराला नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही.

पण फुकट खेळाचे गणित समजून घेतले पाहिजे. अशा खेळात बहुसंख्य खेळाडू एक रुपयाही देत नाहीत आणि खर्च निघतो तो मोजक्या, भरमसाट खर्च करणाऱ्यांवर. उद्योगात त्यांना व्हेल, म्हणजे देवमासे, म्हणतात. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने गिऱ्हाईक तो मोजका वर्ग आहे आणि बाकीचे सगळे त्याच्यासाठी जमवलेला समाज आहे: त्याला हरवायला कोणी हवे, त्याचा झगमगता कपडा पाहायला कोणी हवे. रूनस्केपच्या फुकट्याला लाकडे विकायची होती. इथल्या फुकट्याला फक्त हजर राहायचे आहे.

जिथे नशीब विकले जाते तिथे तर प्रामाणिकपणाही पारखता येत नाही. नेक्सॉनच्या मेपलस्टोरी या खेळात क्यूब नावाची वस्तू 2010 पासून विकली जात होती. ती वापरली की हत्यारावरचे गुणधर्म नव्याने ठरत. लोकांना हवे असलेले गुणधर्म निघण्याची शक्यता कंपनीने मागाहून कमी केली आणि काही जोड्या तर निघूच नयेत अशी व्यवस्था केली. खेळाडूंना मात्र ते सांगितले नाही. दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाने 2024 च्या जानेवारीत या प्रकरणी कंपनीला सुमारे 11.6 अब्ज वोनचा दंड केला. त्याच वर्षीच्या मार्चपासून अशा वस्तूंच्या शक्यता जाहीर करणे तिथे कायद्याने बंधनकारक झाले. कित्येक वर्षे लोक निघूच न शकणाऱ्या गोष्टीसाठी पैसे देत होते. वर्गणीच्या खेळात कंपनी फार तर कंटाळा विकू शकते. जे अस्तित्वातच नाही ते विकणे तिला इतके सोपे नसते.

हे सगळे माझ्यासाठी दूरच्या देशांचे विषय राहिले असते, पण दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीचा मिरजेहून फोन आला. आठवीतल्या भाच्याने तिच्या फोनवरून एका मोफत खेळात सात आठवड्यांत 11,400 रुपये घालवले होते. खेळाचे नाव इथे घेत नाही. मी गेलो तेव्हा ताईने बँकेचे मेसेज एकाखाली एक उघडून दाखवले. त्यात एकही मोठी रक्कम नव्हती. 75, 75, 150, 75, 380, पुन्हा 75. भाजीवाल्याला आणि रिक्षावाल्याला दिलेल्या पैशांमध्ये त्या मिसळून गेल्या होत्या आणि ताईला वाटत होते की महिना यंदा जरा महागात पडतो आहे, इतकेच.

मी भाच्याला रागावलो नाही. त्याला विचारले, की यातून तुला काय मिळाले. त्याने मला पेटी उघडतानाचे दृश्य दाखवले. पेटी हलते, उजेड फाकतो, क्षणभर सोनेरी रंग चमकतो आणि मग निळ्या रंगाची कसलीशी टोपी बाहेर येते. "मामा, सोनेरी येणारच होतं," तो म्हणाला. मी विचारले, साध्या कपड्यांत खेळले तर काय बिघडते? तो म्हणाला, "साध्या कपड्यांत असलं की सगळे बॉट म्हणतात. टीममध्ये कोणी घेत नाही." बॉट म्हणजे माणसाऐवजी संगणक चालवतो तो खेळाडू. सातवी-आठवीतल्या मुलाला टीममध्ये कोणी न घेणे म्हणजे काय, हे मला समजते. 2005 मध्ये कॅफेत मी ज्या फाटकापाशी उभा होतो ते निदान स्पष्ट दिसत होते आणि त्याची किंमत ठरलेली होती. भाच्यासमोर फाटक नव्हते. दर दोन पावलांवर एक अदृश्य दोरी होती.

आपल्याकडे 2025 च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांचा जो कायदा झाला, त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. वर्गणी किंवा प्रवेशशुल्क घेणाऱ्या खेळांना त्याने वेगळे आणि मान्य ठेवले आहे आणि तो भेद मला योग्य वाटतो. पण ज्या पेटीतून पैसा निघत नाही, टोपी निघते, तिच्यासमोर बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न मात्र त्याने सुटलेला नाही.

रूनस्केपच्या घराण्यात याला एक उत्तर निघाले होते आणि ते कंपनीपेक्षा खेळाडूंनी काढले. नव्या चक्रांना आणि बदललेल्या लढाईला कंटाळलेल्या लोकांनी जुना खेळ परत मागितला. जॅजेक्सकडे ऑगस्ट 2007 ची एक प्रत जपलेली होती. तिच्यावरून जुना खेळ उघडावा का, यावर साडेचार लाखांच्या आसपास खेळाडूंनी मत दिले आणि फेब्रुवारी 2013 मध्ये ओल्ड स्कूल रूनस्केप सुरू झाला. त्यात नशिबाच्या पेट्या नाहीत. खेळात काही नवे घालायचे असेल तर ते सभासदांच्या मताला टाकले जाते. आधी पंचाहत्तर टक्के मते लागत, आता सत्तर लागतात. मी या मतदानांत नेमाने भाग घेतो. वर्गणी देणारा माणूस स्वतःला गिऱ्हाईक न समजता सभासद समजू लागतो, याचे हे मला माहीत असलेले सर्वात चांगले उदाहरण आहे. 2025 च्या जानेवारीत कंपनीने एका पाहणीत स्वस्त वर्गणीसोबत जाहिराती आणि महाग वर्गणीसोबत जादा सोयी अशी कल्पना चाचपून पाहिली, तेव्हा इतका गदारोळ झाला की ती तिला लगेच मागे घ्यावी लागली.

याच खेळात बाँड नावाची वस्तू आहे आणि तिच्याबद्दल माझे मत अजून पक्के होत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत पण वेळ नाही, तो कंपनीकडून बाँड विकत घेतो आणि खेळातल्या सोन्याच्या बदल्यात दुसऱ्या खेळाडूला विकतो. ज्याच्याकडे वेळ आहे पण कार्ड नाही, तो सोने साठवून बाँड घेतो आणि त्याला चौदा दिवसांचे सभासदत्व मिळते. 2005 मध्ये हे असते तर मी नुसत्या यूच्या लाकडांवर फाटकापलीकडे गेलो असतो. पण बाँडचा भाव सोन्यात ठरतो आणि गेल्या दहा वर्षांत तो काही पटींनी वाढला आहे, म्हणजे गरिबाच्या तासाची किंमत तेवढी उतरली आहे. शिवाय ज्याला वेळ विकता येतो तो एवढ्यावर थांबत नाही. व्हेनेझुएलात चलनवाढीने पगाराची माती झाली तेव्हा तिथली कितीतरी माणसे हिरवे ड्रॅगन मारून मिळालेले सोने नियम मोडून डॉलरमध्ये विकत होती आणि त्यावर घर चालवत होती. त्यांना बॉट समजून हुसकावून लावणारे खेळाडूही होते. त्या माणसांना नियमभंग करणारे म्हणून बाजूला काढणे मला जमलेले नाही.

माझी स्वतःची वर्गणी आता दर महिन्याला आपोआप जात नाही. 2021 च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेने आपोआप होणाऱ्या कार्ड व्यवहारांसाठी आधी सूचना आणि मंजुरी बंधनकारक केली, तेव्हा माझ्या कार्डावरची परदेशी वर्गणी बंद पडली ती पुन्हा सुरू झालीच नाही. सुरुवातीला वैताग आला. आता मला ती सोय वाटते. दर महिन्याला हाताने पैसे भरायचे असल्यामुळे, या महिन्यात मी खरोखर खेळणार आहे का, हे मला स्वतःला विचारावे लागते. गेल्या वर्षी पाच महिने उत्तर नाही असे आले आणि त्या पाच महिन्यांत माझा आयडी, माझी बँक आणि ते पहिले धनुष्य जसेच्या तसे राहिले.

मूळ रूनस्केपमध्ये 2025 च्या अखेरीस कंपनीने खेळाडूंसमोर प्रश्न ठेवला: एक लाख खेळाडूंनी मत दिले तर ट्रेझर हंटर काढून टाकू. एक लाख मते पडली. मी त्या खेळात बारा-तेरा वर्षे फिरकलो नव्हतो, तरी ही बातमी वाचली तेव्हा पहिला फोन भाच्याला केला.

तो आता दहावीत आहे. त्याच्या फोनवर ओल्ड स्कूलचा मोफत भाग आहे, मीच टाकून दिलेला. मे महिन्यात मिरजेला गेलो तेव्हा त्याने फोन पुढे केला. त्याचा गडी फॅलडोरच्या पश्चिमेला त्याच फाटकासमोर उभा होता. बाँड घ्यायचा तर यूची किती लाकडे लागतील, असे त्याने विचारले. आम्ही वहीच्या मागच्या पानावर त्या दिवशीचा भाव लिहून भागाकार केला आणि आकडा हजारो लाकडांत गेला. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने बाहेर येऊन मला विचारले, "हे पैसे महिन्याला एकदाच जातात ना? मधे परत मागत नाहीत?" मी म्हणालो, एकदाच जातात. ती म्हणाली, "मग सांग त्याला, दहावीची परीक्षा झाली की भरू."